लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा

फोन म्हणजे फोन, असं जावईबापूंचं स्वच्छ मत होतं. घरचा इंटरनेट फोन आणि बड्या ऑफिसांमधली ती बिझनेस सिस्टीम यांत फरक असलाच तर डब्याच्या रंगाचा. "घरचा डबा पांढरा, ऑफिसचा काळा," ते चहाचा कप हलवत सांगत. "आत तेच इंटरनेट, तीच वायर, तोच हॅलो. लोकांना वेड्यात काढायचे धंदे आहेत सगळे."

हे मत ते सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसून मांडत, कारण ते राहतही तिथेच होते. ते घरजावई होते असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हणत नसे, एवढंच. खाली लिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप आणि वर घर, असा हा सासरेबुवांनी उभा केलेला संसार. गुडघे कुरकुरू लागल्यावर सासरेबुवांनी हातातला पाना ठेवला आणि माउथ ऑर्गन उचलला. तेव्हापासून वर्कशॉपचे मालक जावईबापू. हिशेब बायकोकडे. खालच्या सगळ्या कामाला एक मेकॅनिक, जो वीस वर्षं तिथेच होता आणि मालकापेक्षा कमी बोलत असे. सासूबाईंकडे कुठलंही पद नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांत लक्ष घालत.

आणि त्या घरात फोन उचलण्याची एक रीत होती. नंबर एकच, पण रिसीव्हर चार: एक स्वयंपाकघरात, एक सासरेबुवांच्या खोलीत, एक बायकोच्या टेबलावर, एक खाली वर्कशॉपमध्ये. घंटा वाजली की चारही एकदम वाजत, चारही एकदम उचलले जात आणि बोलणं संपेपर्यंत कुणीही खाली ठेवत नसे. हा सासूबाईंचा नियम. "फोनवर काय झालं, काय झालं, म्हणून नंतर माझ्या मागे लागायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "सगळ्यांनी एकदाच काय ते ऐका." जुन्या गिऱ्हाइकांना याची सवय झाली होती. "बरं, ठेवतो," असं ते म्हणाले की पलीकडून चार आवाजांत "हो, ठेवा," असं उत्तर येई.

पण जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली होती. लहान इमारती मोठ्या कंपन्यांकडे चालल्या होत्या. मेकॅनिक तीच सुटी मोटर पुन्हा पुन्हा पुसून ठेवी. एक दिवस सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "यंदा एखादं मोठं काम नाही मिळालं, तर खालची जागा त्या व्यायामशाळेवाल्यांना देऊन टाकू. ते कधीचे विचारताहेत." व्यायामशाळा आली तर मेकॅनिक घरी बसणार, आणि आपण कुठल्या तरी बड्या कंपनीचा शर्ट घालून, छातीवर नावाची पट्टी लावून, दुसऱ्याच्या हाताखाली राबणार. या वयात, आणि या पोटावर, तो शर्टसुद्धा नीट बसला नसता.

म्हणून मुख्य रस्त्यावरच्या ऑफिसांच्या टॉवरमधून बोलावणं आलं, तेव्हा जावईबापू बूट चमकवून गेले. सहा लिफ्ट. वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. हे मिळालं की व्यायामशाळेने दुसरी जागा बघावी.

मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये होते, त्यामुळे जावईबापूंना रिसेप्शनवर बसावं लागलं आणि तिथेच त्यांचं मत बदललं. ऑपरेटरबाईंच्या समोर एक काळा फोन होता. त्यावर ओळीने दिवे. पाच दिवे एकदम लुकलुकत होते आणि बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नव्हती. त्यांनी एकाला थांबवलं, दुसऱ्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिसऱ्याला गाणं लावून दिलं. चौथा थेट साहेबांच्या सेक्रेटरीकडे गेला, आणि आपल्या आधी तिघे होते हे त्याला कळलंसुद्धा नसेल.

"हे सगळं एकाच नंबरवर?" जावईबापूंनी विचारलं.

"एकाच. कितीही फोन येऊ देत, एंगेज लागत नाही. लाइट गेले तर कॉल आपोआप मोबाइलवर वळतो."

"आणि आवाज तुटतबिटत नाही?"

"बोलण्याला इंटरनेटची वेगळी वाट राखून ठेवलेली असते. बाकीचं काही चालू असलं तरी त्या वाटेवर कुणी येत नाही."

जावईबापू त्या फोनकडे बघतच राहिले. उमेदवारीच्या काळात पहिल्यांदा मशीन रूममध्ये उभं राहून त्यांनी मोठ्या लिफ्टची मोटर फिरताना पाहिली होती, तेव्हाही त्यांना असंच झालं होतं. कुणीतरी बसून, डोकं लावून, माणसाची अडचण आधीच ओळखून हे बनवलं होतं. डब्याच्या रंगाबद्दल आपण काय काय बोललो ते आठवून त्यांनी खुर्चीतच जरा अंग चोरून घेतलं.

मॅनेजरसाहेब टापटीप गृहस्थ होते. टाय सरळ, टेबल मोकळं, बोलणं मोजकं. "तुमच्या कामाची चौकशी केली," ते म्हणाले. "काम चोख आहे. पण माझी मुख्य अट फोनची आहे. इथे माणूस लिफ्टमध्ये अडकला आणि तुमचा फोन एंगेज लागला, हे मला चालणार नाही. घरगुती फोनवर चालणाऱ्या कंपन्या मी घेत नाही. तुमच्याकडे बिझनेस सिस्टीम आहे ना?"

"आहे की," जावईबापू म्हणाले. तोंड त्यांचंच होतं, पण ते त्यांना न विचारताच बोललं होतं.

"मेनू? वेगवेगळे विभाग?"

चार रिसीव्हर डोळ्यांसमोर आले. "चार विभाग," जावईबापू म्हणाले.

"छान. मग मी या आठवड्यात न सांगता दोनदा फोन करीन. एकदा साधी चौकशी, एकदा आणीबाणीची चाचणी. दोन्हींत पास झालात तर लगेच सही."

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे खोटं बोललात?"

"खोटं नाही. आगाऊ बोललो."

तिने वाद घातला नाही, सरळ फोन लावला. बिझनेस सिस्टीम विकणाऱ्या माणसाने सगळं समजावून सांगितलं. घरच्या सेवेत एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ताटकळायचं. घरात कुणी सिनेमा लावला की बोलणं तुटतं. डबा बंद तर फोन बंद. धंद्याच्या सेवेत रांग असते, विभाग असतात, कॉल इकडून तिकडे पाठवता येतो, काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी येतो. घरी गप्पा मारायला घरचा फोन झकास आहे, तो प्रांजळपणे म्हणाला, पण त्याच्यावर कुणाचा जीव टांगून ठेवू नये.

"थांबवल्यावर गाणं कुठलंही लावता येतं का?" सासरेबुवांनी विचारलं.

"येतं. पण सर, आपण नक्की किती जण बोलताय?"

"चौघं," चौघं म्हणाले.

सिस्टीम घ्यायची हे तिथल्या तिथे ठरलं. फक्त ती बसवायला तीन आठवडे लागणार होते, आणि मॅनेजरसाहेबांचा फोन याच आठवड्यात यायचा होता. मग जावईबापूंनी कप खाली ठेवला.

"सिस्टीम म्हणजे शेवटी काय?" ते म्हणाले. "एक आवाज, एक गाणं आणि चार विभाग. आपल्याकडे यातलं काय कमी आहे?"

बायकोने कपाळाला हात लावला, पण कामं वाटून झाली. आवाज सासूबाईंचा, कारण घरात त्यांचाच आवाज सगळे निमूटपणे ऐकत. गाणं सासरेबुवांचं, माउथ ऑर्गनवर. हिशेब विभाग म्हणजे बायको. तांत्रिक विभाग म्हणजे घसा जाड करून बोलणारे जावईबापू. फोन आला की चौघांनी रीतीप्रमाणे उचलायचा, पण ज्याची पाळी त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

जावईबापूंनी मजकूर पाठ करून घ्यायला सुरुवात केली. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"कोण बोलतंय ते कळायच्या आधीच?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मशीन असंच म्हणतं."

"भोळं आहे बिचारं." पण त्यांनी पाठ केलं. लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा, नवीन कामासाठी तीन दाबा. अडचण आली ती बटणांची. बटण दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून ते कितीचं आहे हे ओळखता येतं, असं जावईबापूंचं म्हणणं. त्यांनी मोबाइलवरून दिवसभर दाबून दाखवलं. एकचा जाड, तीनचा बारीक. सासूबाईंना सगळे सारखेच ऐकू येत.

त्यातच कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सासूबाईंनी सपाट आवाजात मेनू सुरू केला.

"काकू, घसा बसलाय का तुमचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही गं, मी मशीन आहे. तुझी कंबर कशी आहे आता?"

तांत्रिक विभागाने खाली वर्कशॉपमध्ये टेबलावर डोकं टेकवलं.

मॅनेजरसाहेबांचा पहिला फोन आला तो सकाळी. त्या वेळी सासरेबुवांच्या खोलीत संगणकावर बुद्धिबळाच्या सामन्याचं थेट प्रक्षेपण रंगात आलं होतं आणि घरातलं जवळजवळ सगळं इंटरनेट तिकडेच चाललं होतं. त्यामुळे सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा पलीकडे पोचलं ते असं: "न-म-स्का-र. आप-ला कॉ-ल आम-च्या-सा-ठी—" एका एका अक्षराचे तुकडे पडलेले. आता पकडले जाणार, असं जावईबापूंना वाटलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हुबेहूब मशीनसारखं वाटतंय. घरच्या फोनचा जो दोष विकणाऱ्या माणसाने पोटतिडकीने सांगितला होता, तोच मदतीला धावून आला होता.

पलीकडून बटणाचा आवाज आला. सासूबाई गप्प. जावईबापू मनातल्या मनात ओरडत होते, दोन, आई, दोन. शेवटी सासूबाईंनी माणसाने विचारावं तसं सरळ विचारलं, "कि-ती-चं दाब-लंत?"

"दोन," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"दो-न. हि-शेब वि-भाग. थां-बा."

माउथ ऑर्गन वाजला. मग बायको बोलली, मग पुन्हा माउथ ऑर्गन आणि शेवटी जाड आवाजातला तांत्रिक विभाग. मॅनेजरसाहेब खूश होते. "तुमची सिस्टीम बोललेलं ओळखते तर," ते म्हणाले. "आमच्याकडे अजून बटणंच आहेत. आणि थांबवल्यावरचं संगीत काय सुरेख आहे, वाजवणारा शेजारी बसल्यासारखा वाटतो. पहिल्या चाचणीत पास. आता आणीबाणीची राहिली. ती केव्हाही येईल, तयार राहा."

सासरेबुवांनी त्या दिवशी माउथ ऑर्गन दोनदा पुसला. घराने अंगात वारं शिरल्यासारखी तयारी केली. एकाच वेळी दोघांनी घराबाहेर पडायचं नाही, असं ठरलं. आंघोळीला जाणारा सांगून जाऊ लागला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चहा नुकताच गाळला होता आणि फोन वाजला. चौघांनी उचलला. सासूबाईंनी सुरुवात केली. आज सामना नव्हता, त्यामुळे आवाज स्वच्छ जात होता.

"लिफ्टमध्ये अडकला असाल तर—"

"अडकलोय," मॅनेजरसाहेबांचा आवाज आला. "एक. एक दाबलंय. एक."

आपल्या टॉवरच्या लिफ्टमध्ये ते खरोखरच अडकले होते. राहिलेलं काम उरकायला सुट्टीच्या दिवशी एकटेच आले होते आणि उतरताना लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबली होती. रिसेप्शन बंद होतं. रखवालदाराचा नंबर वर टेबलाच्या काचेखाली होता. आत्ताच्या देखभाल कंपनीला लावला, तर अतिशय गोड आवाजात कळलं की ते रांगेत अकरावे आहेत. मग त्यांनी हा नंबर लावला. पण हे सगळं चौघांना नंतर समजलं. त्या क्षणी चौघांना एवढंच ठाऊक होतं की आणीबाणीची चाचणी सुरू झाली.

"आपण एक दाबलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "घाबरू नका. आपला कॉल तांत्रिक विभागाकडे पाठवत आहोत." माउथ ऑर्गन वाजू लागला. सासरेबुवांनी प्रसंग ओळखून जरा उल्हसित चाल घेतली होती.

जावईबापू खाली वर्कशॉपमधून, कप हातात घेऊनच बोलले. "तांत्रिक विभाग. आमचा माणूस निघालेला आहे."

"अहो, मी खरंच अडकलोय. इथे लाइट गेलेत. पंखा बंद आहे. चाचणी नाही ही, कृपा करा."

जावईबापूंनी बोलायच्या भागावर हात ठेवला आणि जिन्यातून वर ओरडून सांगितलं, "काय तयारीचा माणूस आहे. डोळ्यांत पाणी येईल असं बोलतोय." मग हात काढला. "माणूस वाटेत आहे, सर. कृपया प्रतीक्षा करा." पुन्हा माउथ ऑर्गन. जावईबापूंनी चहाचा घोट घेतला. सगळं कसं ठरल्याबरहुकूम चाललं होतं.

पलीकडे मॅनेजरसाहेब आधी चिडले. कंपनीवर कारवाई करीन म्हणाले. मग जरा वेळाने ते म्हणाले, "थँक यू." पुन्हा म्हणाले, "थँक यू हं. तुम्ही आहात ना फोनवर? थँक यू."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. मशीनचा नव्हे, रोजचा. "जावईबापू, उठा."

"आई, तुम्ही मशीन आहात," जावईबापू कुजबुजले. "बोलू नका."

"मशीन गेलं खड्ड्यात. इतका वेळ भांडणारा माणूस एकाएकी थँक यू म्हणायला लागलाय. तो घाबरलाय. गाडी काढा."

"ही चाचणीच असली तर आपण नापास होऊ. काम जाईल."

"जाऊ दे. तो बाहेर आला की मग नापास करू दे त्याला. ऊठ म्हणते ना."

सासूबाईंनी त्यांना एकेरी हाक मारली ती एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. जावईबापूंनी कप ठेवला. समोरच्या भिंतीवर सासरेबुवांची जुनी हत्यारं टांगलेली होती. क्षणभर त्यांना तिथे व्यायामशाळेचे आरसे दिसले. मग त्यांनी मेकॅनिकला हाक मारली, पेटी उचलली आणि दोघे मोटरसायकलवरून सुटले.

टॉवरच्या फाटकावर रखवालदाराने हात आडवा केला.

"लिफ्ट उघडायची आहे," जावईबापू धापा टाकत म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या माणसाला सोडायचं तर मॅनेजरसाहेबांची परवानगी लागते."

"मॅनेजरसाहेबच लिफ्टमध्ये आहेत."

"मग बाहेर आले की विचारा त्यांना," रखवालदार म्हणाला. त्याच्या नियमात कुठे फट नव्हती.

जावईबापूंनी साहेबांना मोबाइल लावला, तर तो अर्थातच एंगेज. ते घरच्या फोनवर सासूबाईंशी बोलत होते. आणि घरचा फोन तर त्यांच्यामुळेच एंगेज. इथे तो काळा फोन असता तर बाईंनी एक बटण दाबून या कॉलला तो कॉल जोडून दिला असता, हे जावईबापूंच्या मनात चटका लावून गेलं. मग त्यांनी बायकोच्या मोबाइलवर फोन केला आणि दोन वाक्यांत अडचण सांगितली.

बायको धावत स्वयंपाकघरात गेली. तिने आपला मोबाइल उलटा केला आणि सासूबाईंच्या रिसीव्हरला चिकटवून धरला, याचं तोंड त्याच्या कानाला आणि त्याचं तोंड याच्या कानाला. कॉल ट्रान्सफरची ही घरगुती पद्धत कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. जावईबापूंनी मोबाइल रखवालदाराच्या कानाशी नेला.

"सोड त्यांना," लांबून, खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला. "मी सांगतोय. सोड."

रखवालदाराने नीट ऐकलं. "आवाज साहेबांचाच आहे," तो म्हणाला. "पण मागे बाजा कसला वाजतोय?"

"तो आमच्या सिस्टीमचा भाग आहे," जावईबापू म्हणाले आणि आत पळाले.

मेकॅनिक एकटाच जिने चढून वरच्या मशीन रूममध्ये गेला. मुख्य स्विच बंद करून त्याने मोटरचा ब्रेक हाताने थोडा थोडा सोडला आणि लिफ्ट हळूहळू चौथ्या मजल्याशी आणली. जावईबापूंनी दाराला किल्ली लावली. दार सरकलं तेव्हा आत मॅनेजरसाहेब जमिनीवर मांडी घालून बसले होते. टाय काढून घडी करून ठेवलेला. बूट शेजारी नीट लावलेले. फोन कानाला. पलीकडून सासूबाई काहीतरी सांगत होत्या आणि त्यामागे सासरेबुवांची संथ, हलकी चाल चालू होती, झोपाळ्यावर बसल्यासारखी.

जावईबापू पुढे झाले. मॅनेजरसाहेबांनी हाताने थांबायची खूण केली. "एक मिनिट. आई लहानपणी विहिरीत पडल्या होत्या, ते सांगताहेत. आत्ता कुठे दोर आलाय." दोर वर ओढून झाल्यावरच ते लिफ्टबाहेर आले, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. जावईबापूंनी त्यांचे बूट हातात धरले होते.

"ती सिस्टीम—" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"ती माझी सासू आहे," जावईबापूंनी सांगून टाकलं. एकदा सुटल्यावर मग सगळंच सुटलं. "मेनूही त्याच. गाणं सासऱ्यांचं. हिशेब विभाग बायको. फोन घरचाच आहे, साहेब, पांढऱ्या डब्याचा. आणि चाचणी समजून मी सुरुवातीला चहा पीत बसलो होतो. त्या म्हणाल्या म्हणून उठलो."

मॅनेजरसाहेबांनी बूट घातले, एकेक नाडी सावकाश बांधली. जावईबापूंना तोवर स्वतःच्या छातीवर नावाची पट्टी दिसू लागली होती.

"अकरावा होतो मी रांगेत," मॅनेजरसाहेब शेवटी म्हणाले. "आवाज फार गोड होता त्यांचा. कंत्राट तुमचं. पण घरच्या फोनवर माझी माणसं मी सोडणार नाही. आज मी एंगेज करून ठेवला होता, तेवढ्यात दुसरा कुणी अडकला असता तर? चांगली सिस्टीम बसवा. आणि आवाज मात्र आईंचाच राहू दे. मेनू त्यांना हवा तसा करू द्या. ही अट मी लिहून घेणार आहे."

तीन आठवड्यांनी काळा फोन आला. तो बसवणारा माणूस दुपारभर सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांचा आवाज भरत होता. जावईबापूंना त्या वेळी खाली पाठवलं होतं, मध्ये मध्ये बोलतात म्हणून. सही झाली होती, मेकॅनिकने नवी हत्यारं मागवली होती, सासरेबुवांनी व्यायामशाळेवाल्यांना नम्रपणे नाही म्हटलं होतं, आणि प्रत्येकाच्या टेबलावर दिवे असलेला फोन होता. जावईबापूंचं निम्मं आयुष्य आता त्या फोनकडे बघण्यात जात होतं. पाच जणांनी एकदम फोन केला तरी एंगेज लागत नव्हता. त्यांनी पाच जणांना सांगून एकदम करायला लावला होता.

एकदा दुपारी कुणी नाही असं बघून त्यांनी आपल्या टेबलावरच्या फोनवरून आपलाच नंबर लावला. पूर्ण मेनू त्यांनी अजून ऐकला नव्हता. आवाज काचेसारखा स्वच्छ आला, एकही अक्षर तुटलं नाही.

"नमस्कार. लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा, आणि दाबून झालं की खाली बसा, मी येतेच फोनवर. हिशेबासाठी दोन दाबा. नवीन कामासाठी तीन दाबा, माझी मुलगी बोलेल. मोटरमधलं काही विचारायचं असेल तर चार दाबा, मेकॅनिक बोलेल, पण थोडंच. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर पाच दाबा."

जावईबापू आपल्या नंबरची वाट बघत राहिले. सहा, सात, आठ यांची नावंच निघाली नाहीत.

"मालकांशीच बोलायचं असेल, तर नऊ दाबा."

जावईबापूंनी नऊ दाबलं. आपल्या समोरचा फोन किती झोकात वाजतो ते त्यांना ऐकायचं होतं. पण तो वाजला नाही. पलीकडून माउथ ऑर्गन सुरू झाला, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "मालक दुसऱ्या फोनवर बोलत आहेत. रांगेत तुमचा नंबर पहिला आहे. घाई नसेल तर थांबा, नाहीतर एक दाबा, मी सांगते काय करायचं ते."

काय सिस्टीम आहे, जावईबापू मनात म्हणाले. रिसीव्हर कानाला घट्ट धरून ते थोडा वेळ स्वतःची वाट बघत बसले. मग कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी एक दाबलं.